दुष्काळनिवारण आणि ग्रामपंचायतीची कुवत : देणगीदारांकरिता एक अभ्यास

समितीच्या अहवालात जमाखर्चाचा तक्ता, देणगीदारांची नामावली व टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब हे नेहमीचे विभाग आहेतच. यंदा त्यांच्या जोडीस हे प्रकरण घालण्यास एक निमित्त घडले. गेल्या उन्हाळ्यात वर्गणीकरिता आम्ही तुर्भ्याच्या धान्यबाजारात फिरत असता एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांनी आम्हांस गाळ्यात बसवून घेतले, चहा दिला, आणि पावतीवर आकडा घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "वकीलसाहेब, ग्रामपंचायतींना वित्त आयोगाचा पैसा थेट येतो असे आम्ही वाचतो. मग त्याच गावाच्या पाण्याकरिता आमच्यापुढे झोळी का? तो पैसा खर्च झाला असेल तर पाणी कोठे आहे, आणि झाला नसेल तर पैसा कोठे आहे?" वर्गणी त्यांनी दिली. उत्तर मात्र आम्हांस त्या वेळी देता आले नाही. ज्या कामाकरिता आपण दारोदार फिरतो त्या कामाची मूळ गोष्टच आपणांस सांगता येऊ नये, याची आम्हांस लाज वाटली. हे प्रकरण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

पैसा आहे, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ साली झाला व १ मे १९६२ पासून त्या अस्तित्वात आल्या. ग्रामपंचायतींचा कायदा त्याहून जुना, १९५८ चा आहे. पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ च्या एप्रिलपासून पंचायतींस घटनेतच स्थान मिळाले, व अकराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपविण्याजोगे २९ विषय लिहिले गेले. त्यांत लघुपाटबंधारे व जलसंधारण आहे, पिण्याचे पाणी आहे, रस्ते आहेत, चारा व सरपणही आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांस २ लक्ष ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली आणि त्यातील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांस बांधून दिली. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीच्या वाट्यास लोकसंख्येच्या मानाने काही ना काही आलेच. शिवाय घरपट्टी व पाणीपट्टी हे पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न. तेव्हा गावाची तिजोरी रिकामी आहे म्हणून आम्ही भिक्षा मागतो, असे कोणी समजत असेल तर तो समज आम्ही येथेच दूर करतो.

मग पाणी का नाही? रायगड जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे, कारण तो आपल्या नगराच्या दारात आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस येथे पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्यास तो आकडा सांगितला तर त्यास थट्टा वाटेल. तरीही कर्जत, खालापूर, पनवेल या तालुक्यांतील ठाकूर व कातकरी वाड्यांवर एप्रिल उजाडला की हंड्यांच्या रांगा लागतात. कातळाच्या उतारावरून पाणी आश्विनाच्या आत खाडीस मिळते. वाडीच्या वर जो झरा असतो तो फाल्गुनापर्यंत बारीक होतो आणि चैत्रात आटतो. हा दुष्काळ पावसाचा नव्हे. जे पडते ते धरून ठेवणारी व्यवस्था नाही, त्या अभावाचा हा दुष्काळ आहे.

ही व्यवस्था उभी करावयाची म्हणजे काय करावे लागते, हे आम्ही यंदा प्रथमच कागद घेऊन बसून पाहिले. ग्रामसभेचा ठराव हवा. त्या कामाचे नाव गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात असावयास हवे. नसेल तर पुढील वर्षाची वाट पाहावी. मग जागेची पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, आणि शेवटी सरपंच व ग्रामसेवक या दोघांच्या संगणकीय सह्यांनी देयक. यातील एकही पायरी आम्ही अनावश्यक म्हणत नाही. लोकांच्या पैशास इतका बंदोबस्त हवाच, आणि आम्ही वकील लोक तर अशा बंदोबस्तावरच जगतो. परंतु ह्या पायऱ्या चढावयाच्या कोणी? ज्या ग्रामसेवकाकडे (त्यास आता ग्रामपंचायत अधिकारी हे नाव मिळाले आहे) एकाहून अधिक पंचायतींचा कारभार आहे, त्याने जन्ममृत्यूच्या दाखल्यांपासून घरकुलांच्या याद्यांपर्यंत सर्व सांभाळून हे करावयाचे. अंदाजपत्रक करणारा अभियंता पंचायत समितीत बसतो, आणि त्याच्या हाताखाली गावेच्या गावे असतात. तो वाडीवर येतो तेव्हा बहुधा पावसाळा तोंडावर असतो व झरा पाहण्याची वेळ टळलेली असते. झऱ्याचे पाणी मोजावयाचे ते चैत्र-वैशाखात. त्या वेळी सर्व यंत्रणा टँकरच्या मागे धावत असते.

टँकरची वाट मात्र सोपी आहे. दरवर्षी टंचाई कृती आराखडा होतो. गावाने मागणी करावी, तहसीलदार व गटविकास अधिकारी यांनी पाहणी करावी, आणि टँकर सुरू व्हावा. मनुष्य तहानेने व्याकूळ असता हे झालेच पाहिजे. तरी हिशेब पाहा: टँकरचा पैसा जूनमध्ये संपतो आणि गावात त्यापासून एक दगडही शिल्लक राहत नाही. पुढील एप्रिलात तोच आराखडा, तीच पाहणी. जे काम दरवर्षी करावे लागते ते करण्यास सरकारी यंत्रणा सवयीने तरबेज होते. जे एकदाच करून संपवावयाचे ते कोणाच्याच अंगवळणी पडत नाही. आमची समितीही या सवयीस अपवाद ठरली नाही, हे पुढे सांगणे येईलच.

आपल्या नगराच्या हद्दीवरच या विषयाचा एक मोठा धडा आहे. शिळफाट्याच्या बाजूस दहिसर, पिंपरी, उत्तरशिव, भंडार्ली, गोठेघर इत्यादी चौदा गावे आहेत. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ च्या जानेवारीत कारभार पाहू लागली तेव्हा ही गावे तिच्या हद्दीत होती. महापालिकेचा मालमत्ता कर लागला, सोयी त्या मानाने आल्या नाहीत, असे ग्रामस्थांचे म्हणणे पडले. आंदोलने झाली, आणि २००७ साली शासनाने ही गावे महापालिकेतून वगळली. गावे पुनः ग्रामपंचायतींच्या व जिल्हा परिषदेच्या कारभाराखाली आली. कर हलका झाला. परंतु भोवती गोदामे उभी राहिली, चाळी वाढल्या, माणसांची व अवजड गाड्यांची गर्दी नगरासारखी झाली, आणि ती पेलावयास पूर्वीचीच ग्रामपंचायत. काही वर्षांतच त्याच गावांतून 'आम्हांस परत महापालिकेत घ्या' अशी मागणी निघाली. २०२२ साली विधिमंडळात तशी घोषणा झाली, २०२४ साली अधिसूचना निघाली, आणि लागलीच नवी मुंबईतून प्रश्न आला की या गावांच्या रस्त्यापाण्याचा खर्च कोणी सोसावयाचा. नगराच्या करदात्याने की राज्याने?

या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. आमच्या प्रयोजनापुरते एवढेच पाहावे की, नकाशावरील रेघ दोनदा पुसून दोनदा ओढली तरी त्या गावांत रस्ता मोजणारा, नळाची पट्टी वसूल करणारा, सांडपाण्याचा आराखडा करणारा मनुष्य त्या रेघेबरोबर आपोआप आला नाही. कर नको म्हणणाऱ्या ग्रामस्थांस आम्ही दोष देत नाही. सेवेवाचून कर कोणासच रुचत नाही. पण कराशिवाय सेवा उभी राहत नाही, हेही तितकेच खरे, आणि या दोहोंतील पहिले पाऊल कोणी टाकावयाचे यावर आपल्या बहुतेक ग्रामपंचायती अडून बसल्या आहेत.

नवी मुंबईच्या जमीनधारक बंधूंस तर हे निराळे सांगावयास नको. सिडकोच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९७० पासून, ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नगराकरिता घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत जासई व दास्तान फाटा येथे पाच जणांनी गोळीबारात प्राण दिले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे वकील होते, आणि रस्त्यावरील मागणी अखेर साडेबारा टक्के विकसित जमीन अशा मोजता येणाऱ्या भाषेत मांडली गेली तेव्हाच ती शासनाच्या दप्तरी उतरली. आज ज्या घरांत त्या भूखंडांचे उत्पन्न येते त्या घरांनी डोंगरावरील वाडीकडे पाहताना हे आठवावे. त्या वाडीस तिचे म्हणणे दप्तराच्या भाषेत मांडून देणारे अद्याप कोणी भेटलेले नाही.

आणि आपले तिच्याशी नाते दूरचे नाही. नवी मुंबईच्या नळास जे पाणी येते ते खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे. धावरी नदीवरील या धरणातून दररोज ४५ कोटी लिटर पाणी घेण्याची योजना आहे. त्याच परिसरात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. २७ जणांचे मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले. मदतीस निघालेल्या लोकांस रात्रीच्या पावसात डोंगर पायी चढावा लागला, कारण वाडीस गाडीरस्ता नव्हता. वाचलेल्यांची घरे पुढे सिडकोनेच बांधून दिली. दुर्घटनेनंतर जी यंत्रणा इतकी तत्परतेने हलते ती आधी का हलत नाही, हा प्रश्न मनात येतो. तो येथे विचारून सोडून देतो.

कायद्याची एक गोष्ट देणगीदारांनी अवश्य समजून घ्यावी. आदिवासी क्षेत्रातील ग्रामपंचायतींस आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट देण्याची पद्धत राज्याने २०१५ पासून घातली. हे क्षेत्र म्हणजे घटनेच्या पाचव्या अनुसूचीत आलेले क्षेत्र. शेजारच्या ठाणे व पालघर जिल्ह्यांतील तालुके त्यात आहेत. रायगड जिल्हा त्यात नाही. म्हणजे कर्जतच्या वाडीवरील कातकरी हा केंद्राच्या यादीत अतिदुर्बल आदिम जमातीचा गणला जातो, परंतु त्याची ग्रामपंचायत त्या थेट निधीस पात्र नाही. दुसरी अडचण अशी की, पुष्कळ वाड्या वनजमिनीवर किंवा तिच्या काठी आहेत. नळ टाकावयाचा म्हटला की "जागा जंगलाची आहे" एवढे एक वाक्य येते आणि कागद थांबतो. वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ च्या पोटकलम २ मध्ये यास वाट ठेवली आहे. पिण्याच्या पाण्याची योजना, लहान तलाव, पाणी साठविण्याचे बांधकाम, रस्ता, अंगणवाडी अशा १३ प्रकारच्या सार्वजनिक कामांकरिता प्रत्येक कामास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. दर हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडली जाऊ नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. कायदा दोन वाक्यांत सांगून झाला. पण त्याचा लाभ घेण्यास नकाशा हवा, झाडांची मोजणी हवी, ठरावाची भाषा बिनचूक हवी. ठरावात एक शब्द चुकल्याने अर्ज परत आलेला आम्ही पाहिला आहे.

आमच्या समितीची चूक आता सांगतो. तीन वर्षांपूर्वी अशाच एका वाडीस आम्ही मोठ्या हौसेने विजेचा पंप व साठवण टाकी दिली. नारळ फोडला, छायाचित्र काढले, ते अहवालात छापले. दुसऱ्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा पंप बंद होता. विजेचे बिल कोणी भरावयाचे हे ठरलेच नव्हते; पंचायतीच्या अंदाजपत्रकात त्यास रकाना नव्हता, कारण टाकी आमची, पंचायतीची नव्हे; आणि वाडीने पाणीपट्टी द्यावी असे आम्ही कधी म्हटलेच नव्हते, कारण आम्ही धर्म करावयास गेलो होतो. त्या बंद पंपाजवळ उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी आम्हांस विचारले, "साहेब, आता टँकर धाडाल ना?" आम्ही धाडला.

यावर समितीच्या सभेत दोन पक्ष पडले, आणि ते येथे लपविण्याचे कारण नाही. एक पक्ष म्हणतो, तहानेल्यास पाणी द्यावे हा दात्याचा हेतू. त्याच्या पैशातून मोजणीदाराचे शुल्क व कागदांच्या नकला करणे हा त्याच्या विश्वासाचा भंग होय. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. दुसऱ्या पक्षाचे, व आमचेही, मत असे की आपल्या प्रांताच्या दुष्काळाच्या इतिहासात ज्यांनी कायमचे काही केले त्यांनी हेच केले. १८९६-९७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने व टिळकांच्या 'केसरी'ने काय केले? दुष्काळाच्या संहितेत रयतेस सारासूट व कामाचे हक्क कोणते दिले आहेत ते मराठीत गावोगाव सांगितले. सभेच्या काही प्रतिनिधींवर त्यापायी खटले झाले व सभेची सरकारदरबारची मान्यताही गेली. सरकारी तिजोरीतील जो पैसा नियमाने रयतेचा होता त्याची वाट त्यांनी रयतेस दाखविली. १९७२-७३ च्या दुष्काळात तर राज्यात एका वेळी जवळजवळ ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती, त्यातून वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमी कायद्यात उतरली, आणि तिच्याकरिता १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. हा कर अधिकांत अधिक वर्षास अडीच हजार रुपये असतो व तुर्भ्याचा व्यापारी आणि वाशीचा नोकरदार तो भरीत आले आहेत. म्हणजे आमच्या त्या वृद्ध मित्रांनी गावाकरिता पावती फाडण्यापूर्वीच एकदा दिलेले होते! त्यांच्या प्रश्नास यामुळे अधिकच धार येते.

पैसा ओतूनही काय राहून जाते याचे उदाहरण जवळचेच आहे. जलयुक्त शिवार योजनेवर २०१४ नंतरच्या पाच वर्षांत नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च झाला. महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नमूद केले की भूजलाची पातळी वाढविण्यात तिचा परिणाम अल्प दिसला. अनेक गावांत नाले खोल झाले, पण पाणी किती आले व किती उपसले याचा हिशेब गावाने ठेवला नाही. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहावे. पाऊस तेथे आपल्या रायगडच्या सातव्या-आठव्या हिश्शाचा. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. नंतर जो पैसा आला तो मुख्यत्वे सरकारी योजनांचाच, इतर गावांस मिळतो तोच. भेद एवढाच की शेतीकरिता कूपनलिका घेऊ नये, झाड तोडू नये, डोंगरावर गुरे मोकळी सोडू नयेत, हे गावाने स्वतः ठरविले. आणि दरवर्षी पाऊस मोजून, विहिरी मोजून, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून मग पीक ठरविले. दुकानाची खातेवही रोज लिहिणाऱ्या आपल्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. नवल हे की, ग्रामपंचायतीकडून तशी वही आपण कधी मागितलीच नाही.

ग्रामपंचायतींस निर्दोष ठरविण्याचा मात्र आमचा हेतू नाही. पाणीपट्टी थकविणाऱ्यांत सदस्यांचीच घरे असतात असे काही ठिकाणी आम्हांस आढळले, आणि ग्रामसभा कागदावरच भरते ही तक्रारही खोटी नव्हे. वरच्या पातळीवरही शैथिल्य आहे. २०२२ नंतर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक बसले. लोकनियुक्त मंडळ नसल्याने वित्त आयोगाचा त्यांच्या वाट्याचा पैसा अडला, आणि निवडणुका लावण्याकरिता २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला.

या सर्वांवरून समितीने यंदा बहुमताने असे ठरविले आहे. जमा होणाऱ्या प्रत्येक रुपयातील साठ पैसे पूर्वीप्रमाणे तातडीच्या पाण्यावर व चाऱ्यावर खर्चावे. चाळीस पैशांचे वेगळे खाते असावे व त्यातून गावास सरकारी निधी मिळविण्याची व राखण्याची कुवत द्यावी: उन्हाळ्यात झऱ्यांची मोजणी, वनजमिनीचे नकाशे, अंदाजपत्रकाची पूर्वतयारी, ठरावांचे मसुदे, आणि पाणीपट्टीचा हिशेब ठेवणाऱ्या गावातीलच मुलामुलींचे शिक्षण. या खात्यातून बांधकाम होणार नाही. जे काम होईल ते पंचायतीच्या नावाने व पंचायतीच्या दप्तरी होईल. त्यावर देणगीदाराची पाटी लागणार नाही. वाडीने आपला हिस्सा, श्रमाने का होईना, दिल्यावाचून आम्ही कागदास हात लावणार नाही. प्रत्येक गावात काय मागितले, काय मंजूर झाले व काय फेटाळले गेले, हे पुढील अहवालात छापण्यात येईल. फेटाळलेलेही छापण्यात येईल.

बंद पडलेल्या पंपाच्या त्या वाडीचा अर्ज या रीतीने प्रथम तयार झाला. वाडीच्या वर जंगलात एक झरा आहे. तेथून उताराने, विजेवाचून, पाणी खाली आणता येईल असे पाहणीत दिसले. ग्रामसभेने ठराव केला, वाडीतील बायांनी वैशाखात सकाळ-संध्याकाळ बादलीने झरा मोजून वहीत लिहिला, आणि प्रस्ताव वनाधिकाऱ्यांकडे गेला. हे लिहीपर्यंत त्यावर निर्णय झालेला नाही.

ज्या दात्यांस आपली रक्कम केवळ टँकरकरिता द्यावयाची असेल त्यांनी पावतीवर तसे लिहावे. ती पूर्णपणे त्याच कामी लागेल व त्यांच्याविषयी समितीचा आदर तिळभर उणा होणार नाही. रकमेखेरीज आम्हांस माणसेही हवी आहेत: निवृत्त अभियंते, मोजणीदार, हिशेबनीस, आणि महिन्यातून दोन रविवार देऊ शकतील असे तरुण वकील. पुढील वर्षाच्या गावआराखड्यांचा विचार २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपासून सुरू होतो. सबब वर्गणी व नावे गणेशोत्सवापूर्वी समितीकडे पोहोचतील अशी तजवीज करावी, ही विनंती.